सर्जेरावचा अंदाज

“थांब. जरा डावीकडं घे,” सर्जेराव म्हणाला, आणि रूपानं मोबाइलवरचा अंगठा डावीकडं सरकवला.

खेळ असा होता. एक मुलगी बेटावर हरवलेली. हिंडत हिंडत ती एका ओसाड जत्रेत येते. तिथं काचेची पेटी, पेटीत खेळण्यांचा ढीग आणि वर तीन बोटांची क्रेन. ढिगातला निळा हत्ती उचलायचा. त्याच्या पोटात पुढच्या दाराची किल्ली. हत्ती आला तर वाट सुटली, नाही तर बसा तिथंच बोंबलत. रूपा आठवडाभर बोंबलतच होती. कॉलेजचा अभ्यास एकीकडं आणि हा हत्ती एकीकडं. शेवटी तिच्या डोक्यात आलं, काखेत कळसा नि गावाला वळसा. घरात अख्खा क्रेनवाला बाप बसलाय, त्यालाच विचारावं.

बसलाय हे खरंच होतं. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपात सर्जेरावनं उभी हयात क्रेनवर काढली. लोखंडाचं केवढंही धूड असो, वरच्या केबिनमधून तो असं अलगद टेकवायचा की ठेवल्याचा आवाज येत नसे. मग साखरेनं डोळे धरले. दवाखाना झाला, लेझर झालं, शहागंजातून जाड काचांचा चष्मा आला. दिवाळीपासून तो मुकुंदवाडीतल्या आपल्या घराच्या पायरीवर बसून होता. दिसतं का विचारलं की म्हणायचा, बरंच दिसतं. बरंच म्हणजे किती, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

वर्कशॉपचे मालक नानासाहेब परवाच घरी येऊन गेले. भला माणूस. त्यांनी डॉक्टरचा कागदबिगद काही मागितला नाही. एवढंच म्हणाले, “सर्जेराव, हुकाखाली तुमचाच पोरगा उभा राहतो. यायचं का नाय, ते तुम्हीच ठरवा.”

पोरगा म्हणजे सम्यक, रूपाचा थोरला भाऊ. खाली उभं राहून माल पट्ट्यात बांधायचा आणि हुकाला अडकवायचा, हे त्याचं काम. सर्जेराव नानासाहेबांना हो म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता. घरातल्यांनी आपलं मनाशी धरलं होतं की पप्पा आता काही जात नाहीत. ठीकच आहे, बसू दे निवांत.

आज सम्यक रात्रपाळी करून आत झोपला होता, म्हणून खेळाचा आवाज बंद ठेवला होता. पायरीवर दुपारचं ऊन रणरणत होतं. पहिल्या डावात पंजा हत्तीला सोडून शेजारच्या अस्वलावर पडला. दुसऱ्या डावात तर पार पेटीच्या भिंतीला घासला. सर्जेराव म्हणाला, खेळातला हूकच ढिला हाय, असल्या क्रेनवर मी मांजरबी उचललं नसतं. रूपा हसली. तो हसला नाही. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत चढवला आणि म्हणाला, अजून एकदा लाव. या खेपेला तो ताठ बसला, मान पुढं काढून, केबिनमध्ये बसायचा तसा.

“म्होरं घे. अजून. हळू गं, झोका बसतो.”

तेवढ्यात मोबाइलनं मान टाकली. चार्जिंग संपलं. काच काळी पडली आणि तिच्यात रूपाला स्वतःचंच नाक दिसलं. पप्पा, बंद पडला, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

“आता खाली सावली बघ,” सर्जेराव म्हणाला. “हत्तीच्या बरुबर पाठीवर आली. जरासं उजवीकडं. हां. सोड.”

तो त्या काळ्या काचेकडं टक लावून बघत होता.

रूपानं काचेकडं पाहिलं, मग त्याच्या चष्म्याकडं. म्हणजे बरंच दिसतं ते हे. परवा चहा बशीत न पडता मांडीवर सांडला, तो काही धक्का लागून नव्हे. पेपर तासभर एकाच पानावर उघडा असायचा, तोही वाचत होते म्हणून नव्हे. आपण एका घरात राहतो आणि आपल्याला कळलं नाही, याची तिला लाज वाटली.

“आला का गं हत्ती?” त्यानं विचारलं. “खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.”

तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. दिवाळीपासून त्या तोंडावर कळा नव्हती, आज आली होती. ते कुठं आता कामावर जाणार होते? एका खेळण्यातल्या हत्तीनं कुणाचं काय बिघडतंय?

“आला, पप्पा,” ती म्हणाली. “एका झटक्यात आला.”

सर्जेराव मोठ्यानं हसला. किती दिवसांनी हसला. मग तो उठला, चौकट चाचपत उंबऱ्यात गेला आणि त्यानं सम्यकला हाक मारली. नानासाहेबांना कळव म्हणाला, सोमवारपासून मी क्रेनवर चढतो. अंदाज जागेवर हाय, आत्ताच बघितला.

रूपा उठून उभी राहिली. पप्पा, एवढंच म्हणाली. हसत्या माणसाला ते कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगायचं तर काय करायचं?

आत खाट करकरली. सम्यक डोळे चोळत बाहेर आला. ऐकलं ते खरं का, असं त्यानं बापाला दोनदा विचारलं आणि मग त्याचा सगळा चेहरा उजळला.

“लई बरं झालं, पप्पा,” तो म्हणाला. “त्या नव्या ऑपरेटरच्या क्रेनखाली जीव मुठीत धरून उभा राहतो मी. तुम्ही असले ना, की मी वर बघतबी नाय.”