जागचं न हललेलं घर

मस्रानीकाकांचं ओंडक्यांवर तरंगणारं घर पुरात वाहत जाऊन खालच्या गावाच्या काठाला लागलं. पण काकांच्या मते असं काहीही घडलेलं नव्हतं. काका नेहमीसारखे पडवीत बसून कॉफी पीत होते.

त्यांच्या गावचा सरपंच होडी वल्हवत धापा टाकत आला. “काका, दोर फेका. घरी ओढून नेतो.”

“घरीच बसलोय की.”

“अहो, समोरची मशीद आपल्या गावची आहे का?”

“नवी बांधलेली दिसतेय.”

“काका, इथले लोक म्हणतात, आज नेलं नाही तर घर त्यांचं! दोराची गाठ सुटली तुमची, एवढं कबूल करा आणि चला.”

काकू आतून कडाडल्या, “करा की हो कबूल! घर जाईल, पण ह्यांचा तोरा नाही जायचा!”

काकांनी कप खाली ठेवला आणि पाण्यातला दोर सावकाश वर ओढला. त्याच्या टोकाला त्यांच्या गावच्या काठावरचा खुंट होता, मुळासकट उपटलेला. त्यावरची काकांची गाठ जशीच्या तशी.



“आता लिहून घे,” काका छाती काढून सरपंचाला म्हणाले. “माझे घर जागेवरच असून गाव सुटून गेलेले आहे. तरी सदर गाव विनाविलंब परत आणून माझ्या घराला बांधण्यात यावे, ही विनंती.”