पाचव्या माळेचं डुलणं

आरतीच्या तिसऱ्या कडव्याला सोनाली डुलली आणि टाळ्या थांबल्या.

"अंगात आलं," शेजारच्या गिरिजाबाई म्हणाल्या. झालं. कुणी तिला पाटावर बसवलं, कुणी कपाळभर मळवट भरला, कुणी पायावर पाणी घातलं. नवरात्रातल्या सकाळी तामलवाडीत देवी येणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. सोनालीला मात्र पक्कं ठाऊक होतं की ही देवी नव्हे. ही गोळी बंद केल्याची चक्कर.

दोन वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर तिचं मन असं खचलं होतं, की लेकराकडंही बघवत नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळीनं ती माणसात आली. मागच्या खेपेला बाई म्हणाल्या, "आता तुम्ही बऱ्या झालात. महिनाभर अर्धी घ्या, मग पाव. चक्कर आली तर फोन करा, पण एकदम बंद करू नका." सोनालीनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि घटस्थापनेच्या दिवशी गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यामागं ढकलून दिलं. दवाखान्याचं फक्त नवऱ्याला, रणधीरला, माहीत होतं. सासूला, धुरपदाबाईंना, कळता कामा नये, हा तिचा धोशा. सून डोक्याच्या डॉक्टरकडं जाते म्हटल्यावर त्या आपल्या हाती नातू तरी ठेवतील का, ही भीती तिला खात असे.

आता डोळे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं आणि मान आपोआप हलायची.

"आई, आमच्या शिवलीलाचं औंदा जमंल का?" गिरिजाबाईंनी विचारलं.

मान हलली. बायकांनी हात जोडले. मागून कुणीतरी बोअरला पाणी लागंल का म्हणून विचारलं. मान पुन्हा हलली. सोनालीला हसू फुटलं. पाच मिनिटांत आपण एक लग्न ठरवलं, एका बोअरला पाणी लावलं आणि सकाळची भांडी अजून तशीच पडलीत, हे आठवून तर हसू आवरेचना. देवी प्रसन्न झाली म्हणून बायकाही हसू लागल्या. सत्तरीच्या दोघी तर एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. इतकं पोटभर हसायला सोनालीला दोन वर्षांत मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेही पावशेर कुंकू कपाळावर थापून.

मग धुरपदाबाई पुढं झाल्या. हात जोडलेले, पण नजर रोखलेली. "काय पायजे?" त्यांनी विचारलं.

हसता हसता खरं तेच तोंडून निसटलं. "माझी गोळी."

ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सोनालीचं हसू पळालं. आता सासू चारचौघींत अब्रू काढणार, म्हणून तिनं डोळे गच्च मिटले.

"देवी पावली. परसाद घ्या अन् आपापल्या घरला चला," धुरपदाबाई म्हणाल्या. बायका पांगल्या. तशा त्या तडक आत गेल्या आणि डाळीच्या डब्यामागचं पाकीट, पाण्याचा तांब्या आणि सोनालीचा फोन असं सगळं घेऊन आल्या.

"डॉक्टरीणबाईला फोन लाव. आज किती घ्यायची ते तिला इचार. आपल्या मनानं न्हाय."

सोनालीनं फोन हातात घेतला. "आत्याबाई, तुमाला कसं कळलं?"

धुरपदाबाईंनी तिच्या नाकावर सांडलेलं कुंकू पदरानं टिपलं.

"रणधीर कालिजात हुता, तवा म्या बी माजी गोळी अशीच एकदम सोडली हुती," त्या म्हणाल्या. "तीन लग्नं जमवाय लागली मला. तिन्ही बी टिकल्यात."