लांबून घेतलेला फोटो

प्रेमराज बांधावरच्या बाभळीआड दबकून बसला आणि त्याने झूम लेन्स पूर्ण ताणली. दीडशे पावलांवर कापूस वेचणारी त्याची आई, मंजुळाबाई, थेट डोळ्यांपुढे आली.

लेन्स अजून त्याची नव्हती. पिंप्राळ्यातला त्याचा मित्र ललित ती विकत होता. "चार दिवस वापर, पटली तर ठेव," म्हणाला होता. प्रेमराजने पांझरा नदीच्या पुलावरून स्कूटरच्या नंबरप्लेटी टिपल्या, देवपुरातल्या एका लग्नात नवरी टिपली. फोटो बरे होते. पण नुसत्या बऱ्यावर भागेल तो प्रेमराज कसला! काल ओट्यावर बसून त्याने ललितला फोनवर ठणकावलं, "आईचा एक झकास फोटो मिळाला तरच ठेवीन. नाहीतर परत."

खरी परीक्षा तीच होती. वडिलांचा फोटो काढला आणि महिन्याभरात त्याला हार चढला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की मंजुळाबाई पदर तोंडावर ओढायची. तिचा म्हणून घरात फक्त आधार कार्डावरचा फोटो होता, आणि त्यात तिला शेजारीणही ओळखत नव्हती. उद्या आई नसली तर भिंतीवर लावायला तेवढाच उरणार, हे प्रेमराजला खुपायचं.

आज मात्र नशीब जोरावर होतं. उकडत असावं, आईने साडीवर घातलेला जुना शर्ट काढून बाजूला टाकला. तोंडाला बांधलेला रुमालही सोडला. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात फोकस कापसाच्या बोंडावर गेला. आता ती तोंड फिरवणार म्हणून त्याने श्वास रोखला. तिने फिरवलं नाही. उलट कशाला तरी छान हसली.

तिसरा फोटो! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. प्रेमराजचे डोळे भरून आले. त्याने तिथूनच ललितला कळवलं, "लेन्स माझी. माणसाला पत्ताही न लागता टिपते."

संध्याकाळी त्याने भीतभीत फोटो आईपुढे धरला. "माय, राग नको धरू. तुले न इचारता काढी लिधा."

मंजुळाबाई बराच वेळ फोटो न्याहाळत राहिली. मग मान चोळत म्हणाली, "काल तुना फोन मी आयका व्हता. तू बाभूयआड बठना, तव्हयपासून मान हालू दिधी नही, भाऊ. आते ती लेन्स परत करू नको."