कपाटातली नदी

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला, तशी फरहानं खुंटीवरची किल्ली उचलली. जुम्म्याच्या दिवशी तिची सासू रशीदा केसांना शिकेकाई लावून न्हायची. म्हणजे वीस मिनिटांची तरी निश्चिंती. एरवी ती किल्ली पदराला बांधलेली असायची, अगदी नमाजाच्या वेळीसुद्धा.

लोखंडी कपाटात फरहाची कादंबरी कैदेत पडली होती. ढाणकीच्या वाचनालयातून आणलेली, चांगली जाडजूड. जुन्या वऱ्हाडातला एक सुभेदार जादूनं अख्खी पैनगंगा चांदीच्या डबीत कोंडतो, आणि पाच जण ती डबी चोरायला निघतात. वाऱ्याशी बोलणारी कोलाम पोरगी, कुलपाला कान लावून ते उघडणारा मुसा, घागऱ्याच्या आरशांत पहारेकऱ्यांची नजर अडकवणारी बंजारा म्हातारी, देवळातून हाकललेला भटजी आणि पळून आलेला हबशी शिपाई. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, पण पाचही जण एकाच ताटात जेवत. फरहाला त्या ताटाचा हेवा वाटायचा. कळंबहून लग्न होऊन आली, तेव्हापासून तिच्याशी पोटभर बोलणारं कोणी नव्हतं. नवरा परवेज दिवसभर गॅरेजात, आणि सासूचं बोलणं कामापुरतं. आपण त्यांच्यातली सहावी व्हावं, असं तिला फार फार वाटे.

या नादात आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा रशीदानं पुस्तक तिच्या हातातून ओढलंच. "घर सांभाळाचं का चोर सांभाळाचे?" म्हणाली, आणि कपाटाला कुलूप. त्याला पाच दिवस झाले. आज संध्याकाळी पुस्तक परत द्यायचं होतं. पुढं नंबर लावून बसलेले बरेच. नदी सुटली की नाही हे कळलं नसतं, तर फरहाचा जीव टांगणीलाच लागला असता.

मुसा म्हणायचा, कुलूप फोडू नये, किल्लीवाल्याची सवय बघावी. फरहानं तेच केलं होतं.

पुस्तक ईदच्या शालीखाली सापडलं. एकशे सेहेचाळिसाव्या पानावर तिची खूण होती, कळंबच्या एसटीचं तिकीट. ती जागेवरच होती. पण पुस्तक आपोआप भलतीकडे उघडलं. दोनशेच्याही पुढं कुठंतरी, पानांच्या मध्ये रशीदाचा चष्मा होता. कालपासून सगळं घर ज्यासाठी पालथं घातलं होतं आणि ज्याच्यावरून बिचाऱ्या सासऱ्यांनी बोलणी खाल्ली होती, तोच.

फरहा बघतच राहिली. ही बाई तर लाईटबिलसुद्धा परवेजकडून वाचून घेते.

पाण्याचा आवाज कधी थांबला, तिला कळलंच नाही. रशीदा दारात उभी होती. ओल्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"अम्मी, मी फक्त..."

रशीदा रागावली नाही. तिची नजर पुस्तकावरून हलत नव्हती.

"आजच वापस कराचं हाये का? दोन दिवस मागून घे नं त्याईले."

"तुम्ही वाचून राह्यल्या, अम्मी?"

"गावात उर्दू शाळा नोती. मी मराठी चवथीत होती. असंच एक पुस्तक वाचून राह्यलती, त् अब्बानं हातातून ओढलं. म्हणे, बस झाली शाळा." रशीदानं पदरानं तोंड पुसलं. "त्यातली पोरगी विहिरीत पडलती. पन्नास वर्सं झाली, फरहा. ते पोरगी अजून विहिरीतच हाये."