पायासकट

हनुमानच्या लेकीला हळद लागली ते २०१३ साल. गावाकडं मांडवात हळद चालली होती आणि त्याच सकाळी बानाबाई शहरात, गारखेड्याच्या टोकाला, प्रार्थनाघराच्या हौदात दोन पायऱ्या उतरून उभी होती. पाणी गुडघ्याला लागत होतं. हनुमान तिचा सख्खा भाचा. "आत्या, लग्नाला ये, पण हळदीला नको. बाया बोलतात," असं तो फोनवर म्हणाला होता. तिनं "बरं" म्हटलं होतं. चाळीस वर्षं ती "बरं"च म्हणत आली होती.

बहात्तरच्या दुष्काळात ती सिल्लोडकडच्या एका वाडीत नांदायला गेली. महिनाभरात विहीर आटली. मेंढरं मेली. वर्ष सरायच्या आत नवरा गेला. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. तो शब्द तिच्या आधी माहेरी पोचला आणि पुढं शहरातही. शहरात तिनं बांधकामावर विटा उचलल्या. तिच्या डोक्यावरून विटा जाऊन सात-सात मजले उभे राहिले, पण वस्तीच्या नळावर तिचा नंबर शेवटचा. मग तिनंच भर दुपारी, सगळ्या गेल्यावर, पाणी भरायची सवय लावून घेतली.

प्रार्थनाघराच्या विटाही तिनंच वाहिल्या होत्या. तिथं पाळकांच्या बायकोनं, रत्नमालाताईंनी, तिला एक गोष्ट वाचून दाखवली. एक बाई होती. लोक तिला नावं ठेवायचे, म्हणून ती भर दुपारी एकटीच विहिरीवर यायची. एके दिवशी तिथं येशू बसला होता. त्यानं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

"तिच्या हातचं?" बानाबाईनं विचारलं.

"तिच्याच हातचं."

तीन रविवार तिनं तीच गोष्ट पुन्हा वाचायला लावली. मग बाप्तिस्मा मागितला. मनात एक गोष्ट होती, ती कुणाला सांगितली नव्हती. त्या पाण्यातून बाहेर निघताना पाय दुसरे असावेत.

पण पाणीच मिळेना. दोनदा दिवस ठरला, दोनदा टँकर आला नाही. दर रविवारी ती विचारायची, "कधी?" कामावर पाटी उचलतानाही तिचे पाय एका जागी ठरत नसत. आज कुठून तरी अर्धा टँकर मिळाला होता. पाळक लक्ष्मणराव बाह्या सारून हौदात उतरणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

वस्तीतल्या बाया होत्या. नळाला नऊ दिवस पाणी नव्हतं. टँकर इकडं वळलेला कुणीतरी पाहिला होता.

"अगं माय, पाणी हाय इथं!" बानाबाईची शेजारीण चंपाबाई सगळ्यांच्या पुढं होती. हौदाच्या काठाशी येऊन ती थबकली. "ही कामून उतरली? झालं! हिचे पाय पडले पाण्यात."

"आता हे बी आटंल," मागून गीताबाई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

"बानाबाई, बाहेर ये बरं आधी," चंपाबाई म्हणाली. "लेकरांचे घसे सुकलेत. आम्हाला भरू दे, मग बस दिवसभर डुंबत."

बानाबाईनं सवयीनं एक पाय उचलला. तो वरच्या पायरीवर टेकलासुद्धा.

"थांबा," पाळक म्हणाले. "बानाबाई, पाणी तुमच्यासाठी आणलंय. आधी बाप्तिस्मा होऊ दे. पाच मिनिटं लागतील. मग त्यांना नेऊ द्या."

"आंग बुडवलेलं पाणी लेकरांना पाजायचं व्हय?" चंपाबाई म्हणाली.

बानाबाईनं वर पाहिलं. पंधरा-वीस घागरी होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती. तिच्या उभ्या जन्मात तिच्याकडं कुणी पाणी मागितलं नव्हतं. तिला विहिरीवरची बाई आठवली.

तिनं उचललेला पाय परत पाण्यात ठेवला. अजून एक पायरी खाली उतरली.

"पाणी देते," ती म्हणाली. "सगळं देते. पण माझ्या पायासकट घ्यावं लागंल. गावाकडच्या बारवेत सगळ्या पाय बुडवूनच भरायच्या. तुमचे पाय चालतात, तर माझे कामून नाय?"

चंपाबाईनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. मग पुन्हा या कमरेवर.

"लई तोंड फुटलंय तुला," ती शेवटी म्हणाली आणि घागर पुढं केली.

बानाबाईनं ती भरली. मग गीताबाईची. मग ज्या-ज्या आल्या त्यांच्या. तासाभरात हौदाचा तळ दिसला. रत्नमालाताईंनी तिच्यापुढं टॉवेल धरला. पाळक ओशाळून म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा राहूनच गेला. पुढच्या रविवारी बघतो."

"बघा सवडीनं," बानाबाई म्हणाली आणि कोरड्या पायरीवर, पाय लांब करून, उन्हात बसली.

बाप्तिस्मा जुलैत झाला, पाऊस पडल्यावर. चंपाबाई बघायला आली होती. बानाबाई निथळत वर आली तशी ती म्हणाली, "अगं, पाय तर तेच हायत की."

"व्हय," बानाबाई म्हणाली. "माझेच हायत."

बानाबाई ११ मे २०१९ रोजी, शनिवारी सकाळी वारली. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं. पुरायला नेण्याआधी चंपाबाईनं घरातली शेवटची घागर आणली आणि तिचे पाय धुतले.