आईच्या टोपीतली पिन

तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कोळशाच्या गावात बास्केटबॉल तारेच्या जाळीआड खेळला जायचा, आणि जाळीला चिकटून पहिल्या रांगेत बायका बसायच्या. पाहुण्या संघातला कोणी जाळीवर आदळला की टोपीतली लांब पिन काढून त्याच्या मांडीत टोचायची, ही त्यांची रीत. एकीनं टोचलं की बाकीच्या हात आवरायच्या. आदल्या हिवाळ्यात आमच्या शेजारणीची, मार्गिताची पिन लागून एका पाहुण्याची मांडी अशी पिकली की त्याचा खेळच सुटला.

त्या वर्षी मी पलीकडच्या गावाकडून खेळायला लागलो. एका शनिवारी सामना नेमका आमच्याच गावात होता.

"आई, आज तू नको येऊस."

"का रे मातुश? माझी जागा काय रिकामी ठेवू?"

चेंडूमागे धावताना मी जाळीवर आपटलो, तो आई आणि मार्गिताच्या पुढ्यातच. मार्गिताचा हात टोपीकडे गेला. त्याआधीच आईनं आपली पिन उपसली आणि माझ्या मांडीत खुपसली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

घरी मी खुर्चीत पाय पसरून बसलो. ती खाली बसून माझी जखम पुसत होती. शेवटी मला राहवलं नाही.

"पोटच्या पोराला टोचताना हात नाही कापला तुझा?"

"मार्गिताची पिन गंजलीय," ती मान वर न करता म्हणाली.



"माझी मी सकाळीच उकळून घेतली होती."