नळी आधी ओवायची

रिमोटच्या बोटीतली वायर प्लगला सोल्डर करून झाली, तेव्हा ऋजुताला सांधा झाकायची इन्सुलेशनची नळी टेबलावरच दिसली. वायरीची दोन्ही टोकं जखडली होती. नळी घालायला वाटच उरली नव्हती.

“नळी आधी ओवायची असते गं,” बाबा म्हणाले.

“सासरच्यांनी मी नोकरी सोडायची अट कुठे आधी सांगितली? साखरपुडा उरकल्यावर सांगितली.”

बाबांनी नजर चुकवली. “पत्रिका वाटून झाल्यात. सांभाळून घे.” त्यांनी टेपचं बंडल पुढे सरकवलं. “यालाही टेप गुंडाळ, भागेल.”

“पाण्यात टेप टिकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

बाबांनी टेपचं बंडल मागे घेतलं. मग त्यांनी सोल्डरिंग गन उचलली आणि सांधा वितळेपर्यंत टेकवून धरली.

“ओढ वायर,” ते म्हणाले. “त्यांच्या घरी मी जाऊन येतो.”